टाकीच्या तळाची तोटी

पावसाळ्यात मूल किंवा चामोर्शीच्या रस्त्याला ट्रॅक्टर कडेला उभा दिसला आणि ड्रायव्हर इंजिनाच्या बाजूला वाकून पान्याने काही ढिलं करत असला, तर बहुतेक वेळा तो डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू असतो. स्क्रू थोडा मागे घेतला की आधी पाण्याचे थेंब पडतात, मग डिझेल येतं. डिझेल आलं की स्क्रू आवळायचा, हातपंप मारून हवा काढायची आणि निघायचं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे काम कुणाला शिकवावं लागत नाही. पोरं बापाच्या शेजारी उभी राहून बघतात आणि शिकतात.

विमानाच्या टाकीखालीही असाच एक छोटा नळ असतो. त्याला ड्रेन म्हणतात. मी त्याला तोटी म्हणणार आहे, कारण तिचं काम तेच आहे. या तोटीची गोष्ट माझ्याकडे आली ती भाच्यामुळे. माझी सगळी नोकरी कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये, डंपर आणि शॉव्हेलच्या हायड्रॉलिक फिटिंगांत गेली. भाचा अमेरिकेत असतो. त्याने तिथे घराच्या गॅरेजात दोन आसनी विमान बांधायला घेतलं. तिकडे हा छंद जुना आहे. घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना तिथे १९५३ साली सुरू झाली आणि तयार संच विकत घेऊन फावल्या वेळात विमान जुळवणारी हजारो माणसं तिकडे आहेत. दीड वर्ष तो फोनवर रिवेट आणि पत्र्याच्या गोष्टी सांगत होता. एका रात्री फोटो आला. पंखाच्या खालच्या बाजूला, तोटीभोवती, निळसर डाग. खाली एकच ओळ : ‘मामा, हा गळतोय का?’

छोट्या विमानांच्या पेट्रोलला, म्हणजे १०० एलएल नावाच्या इंधनाला, मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो. तेव्हा डाग निळा असेल तर उत्तर ‘हो’ असंच आहे. पण का गळतोय, हे शोधता शोधता मी जे वाचलं, माझ्या शेडमध्ये जे करून पाहिलं आणि जे वर्कशॉपमध्ये माहीत असूनही नीट कळलं नव्हतं, ते इथे मांडतो.

आपल्याकडे घरी बांधलेल्या विमानाचं नाव निघालं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. बातम्यांत गच्ची आली, परवानग्यांची वर्षं आली. ते स्वाभाविक आहे. पण अशा कुठल्याही विमानात एक गोष्ट बातमीत न येणारी असते. मोठ्या कारखान्यात आराखडा एकजण करतो, आटे दुसरा पाडतो, तपासणी तिसरा करतो आणि उडवतो चौथाच. घरी बांधणारा हे चारही असतो. त्याने आवळलेला सांधा दुसऱ्या कुणी पाहिलेला असेलच असं नाही, आणि त्या सांध्याखाली बसणाराही तोच.

इंधनाच्या व्यवस्थेतली लहानशी गोष्ट काय करू शकते याचं एक उदाहरण सर्वांना माहीत असलेल्या माणसाचं आहे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात विमान कोसळून गेला. विमान लाँग-ईझी जातीचं, दुसऱ्या माणसाने घरी बांधलेलं. एका टाकीवरून दुसरीवर जाण्याची झडप बांधणाऱ्याने मूळ आराखड्यातली जागा सोडून चालकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायला मागे वळावं लागे. चौकशीत निघालं ते असं की, झडपेशी झटताना त्याचं लक्ष आणि पाय दोन्ही विमानावरून हलले. एका झडपेची जागा, बाकी काही नाही.

आता तोटीकडे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. विमानाच्या पेट्रोलचा लिटर साधारण ७२० ग्रॅमचा, पाण्याचा १०००. म्हणून टाकीत शिरलेलं पाणी तळाला जाऊन बसतं, गंज आणि धूळही तिथेच. विमान उभं असताना टाकीचा जो सर्वांत खालचा बिंदू, तिथे तोटी. रोज पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर पारदर्शक बाटलीत थोडं काढून पाहायचं. भरल्याबरोबर लगेच पाहिलं तर उपयोग नाही, कारण पाण्याला खाली बसायला वेळ लागतो. ढोबळ नियम असा की पेट्रोलच्या दर फूट खोलीला पंधरा मिनिटं. सेस्ना १७२ च्या नव्या विमानांत अशा तोट्या एकूण तेरा आहेत, म्हणजे कारखानेवाल्यांनाही या पाण्याची किती धास्ती आहे ते दिसतं.

पाणी येतं कुठून? पुस्तकं सांगतात, रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं. मी हिशेब करून पाहिला. तीस अंशांच्या पूर्ण ओल्या हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, वीस अंशांना १७. टाकीत शंभर लिटर मोकळी जागा असेल तर एका रात्रीत जास्तीत जास्त सव्वा ग्रॅम पाणी, म्हणजे पाव चमचा. आमच्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेतही. महिनोन्‌महिने उभ्या विमानात ते साठेल हे खरं, पण एका रात्रीत इंजिन थांबवणारं पाणी दवाचं नसतं असं माझं मत झालं आहे. ते येतं झाकणाच्या कडक झालेल्या रबरातून, किंवा पिंपातून.

पिंपाचं मात्र आमच्या भागाला चांगलं माहीत आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटायचं, सिरोंचा-एटापल्लीकडे पंप लांब, त्यामुळे डिझेल-पेट्रोल पिंपात आणि कॅनमध्ये साठवण्याची सवय जुनी. दोनशे लिटरचं पिंप उभं ठेवलं की वरच्या पत्र्याभोवतीच्या कडेमुळे तिथे पावसाचं पाणी थाळीसारखं साचतं. त्या थाळीत दोन बुचं असतात, एक दोन इंची, एक पाऊण इंची. दुपारी पिंप तापतं, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. रात्री पिंप गार होतं आणि तीच वाट उलटी चालते : बाहेरचं पाणी थेंब थेंब आत ओढलं जातं. बूच घट्ट आहे, पिंप फुटलेलं नाही, कुणी भेसळ केलेली नाही, आणि तळाला तांब्याभर पाणी. म्हणून जाणते लोक पिंप आडवं ठेवतात, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, आतल्या तेलाखाली बुडतील अशी. बुचाच्या आतून तेलाचा ओलावा राहिला की हवा ये-जा करत नाही.

या बुचातच तोटीच्या सांध्याचा सगळा धडा आहे. बुचाला आटे आहेत, पण ते गळती थांबवत नाहीत. ते बूच धरून ठेवतात, खाली दाबतात. गळती थांबवतं ते बुचाखालचं गॅस्केट. गॅस्केट वाळलं की आटे कितीही आवळा, हवा जाणारच. आपल्याला वाटतं आटे म्हणजे घट्टपणा. फिटरच्या हाताखाली काम केलेल्या पोरालाही तसंच वाटतं. कुठलाही सांधा बघताना पहिला प्रश्न हा विचारावा : इथे धरतंय कोण आणि अडवतंय कोण?

विमानाच्या इंधन-नळ्यांना टोकाशी ३७ अंशांचा शंकूसारखा फुगवटा असतो. तिथे धातूवर धातू दाबून बसतो आणि तेच अडवतं. आट्यांना काही लावायचं नाही. पडोलीच्या ट्रक-गॅरेजांत किंवा खाणीवर हायड्रॉलिक होज बदलणाऱ्यांना हा शंकू ओळखीचा आहे, दिसायला तोच. विमानाच्या फिटिंगचे आटे अधिक काटेकोर असतात एवढा फरक, पण तो डोळ्याला दिसत नाही आणि म्हणूनच एकाच्या जागी दुसरं लावण्याचा मोह होतो. दुसरा प्रकार सरळ आट्यांचा, खाली रबराची ओ-रिंग किंवा मऊ धातूचा वायसर. तिथेही आटे फक्त धरतात.

तिसरा प्रकार निमुळत्या आट्यांचा, आणि बहुतेक छोट्या विमानांची तोटी या प्रकारची असते. आकार एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्थात हे नाव जुन्या नळाच्या पोकळीवरून आलेलं आहे, प्रत्यक्ष आट्यांची बाहेरची जाडी सव्वादहा मिलिमीटरच्या आसपास भरते. अमेरिकन पाइप-आट्यात, ज्याला एनपीटी म्हणतात, इंचात २७ आटे आणि उतार सोळास एक. तोटी जसजशी आत जाते तसतशी पाचरीसारखी भोक रुंद करत बसते. इथे आटेच धरतात आणि अडवायचंही बरंचसं आट्यांनाच असतं. बरंचसं म्हणतो, कारण पूर्ण नाही. एका आट्याचा माथा आणि समोरच्या आट्याची घळ यांच्यात बारीक फट राहतेच. ती फट जिन्यासारखी गोल गोल फिरत आतून बाहेरपर्यंत जाते. केसाहून बारीक वाट, पण पेट्रोलला पुरते. ती वाट बुजवायला पेस्ट लागते. पेस्टचं काम एवढंच.

नळ बसवणारा प्लंबर हीच वाट सुतळी आणि सफेद्याने बुजवतो, आणि पाण्याला ते चालतं. पेट्रोलला चालत नाही. पाण्याचं पृष्ठताण पेट्रोलच्या तिपटीहून जास्त आणि पेट्रोल पाण्याहून जवळजवळ दुप्पट पातळ. ज्या फटीच्या तोंडाशी पाणी थेंब धरून अडून बसतं, तिथून पेट्रोल सरळ निघून जातं. पाणी भरून तपासलेली टाकी पेट्रोलला गळते, ती यामुळे.

भाच्याने लावली होती टेफ्लॉन टेप. घरातल्या नळाला सगळे लावतात तीच पांढरी टेप. टेप वाईट नाही, पेट्रोलमध्ये विरघळतही नाही. खोट तीच आहे. आवळताना तिचे कातरलेले धागे सुटतात, टाकीत जातात आणि विरघळत नसल्यामुळे तसेच पुढे सरकत जाळीवर किंवा कार्ब्युरेटरच्या बारीक भोकावर जाऊन बसतात. दुसरं, टेप निसरडी. तोटी इतकी सहज आत जाते की हाताला खरा ताण कळत नाही आणि माणूस एक-दोन आटे जास्त फिरवून मोकळा होतो. त्या एक-दोन आट्यांचं काय होतं ते पुढे येईल.

तर मग काय लावायचं? इंधनाला टिकणारी, न कडकणारी पेस्ट. पर्मटेक्सची विमानासाठीची पेस्ट त्यातली एक. लॉकटाइटचं ५६७ हेही बरेच बांधणारे वापरतात. धातूच्या फटीत हवा संपली की ते आपोआप घट्ट होतं. तोटी आज ना उद्या काढावी लागणार, आतलं रबर झिजतंच, म्हणून मला न कडकणारी पेस्ट बरी वाटते. लावायची ती तोटीच्या आट्यांवर, भोकात नाही, आणि पुढचे एक-दोन आटे कोरडे सोडून, म्हणजे पुढे ढकललेली पेस्ट टाकीत पडत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या जंगलाची. पूर्वी पेट्रोलचे सांधे आणि गॅस्केट बंद करायला मेकॅनिक शेलॅक लावायचे. शेलॅक म्हणजे लाख, आपल्या पळसावर आणि कुसुमावर किडे करतात तीच, शुद्ध करून अल्कोहोलमध्ये विरघळवलेली. ‘इंडियन हेड’ नावाने अमेरिकन दुकानांत अजून बाटल्या मिळतात. गोंदिया-गडचिरोलीकडे लाख गोळा करणाऱ्याला ती पाटल्यांच्या पोकळीत सोनार भरतो एवढं माहीत असतं. लाख पेट्रोलला दाद देत नाही, ती विरघळते अल्कोहोलमध्ये. शंभर वर्षं हे जमून गेलं. आता पेट्रोलमध्येच इथेनॉल आलं आहे, २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांपर्यंत, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. अशा पेट्रोलसमोर लाखेच्या सांध्यावर भरवसा टाकता येणार नाही. जुन्या मोटारी जपणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

भाचा त्या दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच जातीची एक तोटी आणि अॅल्युमिनियमचा एक बॉस, म्हणजे टाकीच्या तळाला बसवायचा आटेदार जाड ठोकळा, घेऊन आला. मी दोन लिटरच्या डब्याला बॉस बसवला. तोटी एकच होती, ती खराब करायची नव्हती, म्हणून आधी सरावाला बाजारातून एक सुताची पितळी तोटी आणायला गेलो. दुकानदार तरुण होता. ‘‘एक सूत म्हणजे एकच सूत काका, कोणतीबी बसते.’’ बसली खरी. हाताने सुरसुर आत गेली, मग पाना लावल्यावर एकदम अडली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. डबा पाण्याने भरून रात्रभर टांगला, थेंब नाही. सकाळी अंगणात पेट्रोल भरलं, दहा मिनिटांत तोटीखाली ओल.

आपल्याकडच्या नळकामात आटा ब्रिटिश पद्धतीचा, बीएसपी. एक सुताला इंचात २८ आटे, अमेरिकनला २७. आट्याचा कोन ब्रिटिशांचा ५५ अंश, अमेरिकनांचा ६०. पाव इंचीला १९ आणि १८. म्हणजे थोड्याच फेऱ्यांत आटे एकमेकांवर चढतात, अडतात, आणि अडणं हेच आवळणं वाटतं. प्रत्यक्षात एक-दोन आटे घासून टेकलेले असतात, बाकीचे हवेत. सगळ्यात फसवा आकार अर्ध्या इंचाचा. तिथे दोन्ही पद्धतींत चौदाच आटे, फक्त कोन आणि जाडी वेगळी. हाताला काहीच कळत नाही. आट्यांचा गेज लावून पाहिल्याशिवाय आयात केलेल्या बॉसमध्ये इथली तोटी घालू नये. माझी पस्तीस वर्षं आट्यांत गेली आणि घरच्या डब्यावर मीच गेज लावला नाही. भाचा काही बोलला नाही, फक्त गेज माझ्या हातात दिला.

मग खरी तोटी. निमुळत्या आट्यात किती आवळायचं हा प्रश्न मला सगळ्यात रंजक वाटला. एका फेरीत तोटी ०.९४ मिलिमीटर आत जाते, उतार सोळास एक, म्हणून भोक फेरीमागे ०.०६ मिलिमीटर रुंदावू बघतं. एका केसाएवढं. दहा मिलिमीटरच्या भोकाला हे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त पडतं. विमानाला वापरतात तो ६०६१ जातीचा अॅल्युमिनियम चार दशांश टक्के ताणला की कायमचा ताणलेला राहतो. सगळा ताण भिंतीवर येत नाही, काही आट्यांचे माथे दबण्यात जिरतो, काही तोटी स्वतः सोसते, म्हणून पहिल्या फेरीतच बॉस जात नाही. पण वाव किती थोडा आहे ते यावरून दिसतं. हाताने चार आटे जायला हवेत, मग पान्याने दीड-दोन. तिथे थांबायचं. तोटीचं तोंड हवं त्या दिशेला आलं नाही म्हणून आणखी अर्धी फेरी, असं नाही, आणि मागे तर अजिबात फिरवायचं नाही. मागे घेतलं की बसलेली पेस्ट फाटते. काढा, पुसा, नव्याने लावा.

भोकात आटे पाडतानाही हाच हिशेब. सरळ टॅप कितीही खोल घाला, भोक तेवढंच राहतं. निमुळता टॅप एक फेरी जास्त गेला की भोक मोठं झालं, आणि मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. दर अर्ध्या फेरीला टॅप काढायचा, बुरा पुसायचा, तोटी हाताने लावून पाहायची. आमच्या वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना टॅप देताना दम द्यावा लागे तो याचसाठी.

बॉस कुठे आणि कसा बसतो, याकडे बांधणाऱ्यांचं लक्ष कमी जातं. ठोकळा टाकीच्या आतल्या बाजूला उभा राहिला, किंवा तोटीचं टोक आत दोन मिलिमीटर वर आलं, तर तेवढ्या उंचीचं पाणी कधीच बाहेर येणार नाही. बाटलीत स्वच्छ पेट्रोल दिसेल आणि तळाला पाण्याचं थाळं तसंच राहील. विमान नाक वर करून चढायला लागलं की ते थाळं मागे सरकून इंजिनाच्या नळीच्या तोंडाशी. मोरव्यासारख्या छोट्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानाखाली दोन मिनिटांत शेतं असतात. गडचिरोलीच्या बाजूला वळलं तर साग आणि बांबू. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगल आहे, उतरायला जागा शोधत बसण्याइतकी उंची तेव्हा हातात नसते. म्हणून बॉसचं भोक टाकीच्या आतल्या तळाशी अगदी सपाट हवं. पितळी तोटी अॅल्युमिनियममध्ये बसवली तर आणखी एक : दोन वेगळे धातू आणि तळाला पाणी, की गंज सुरू. आट्यांतली पेस्ट दोघांना थोडं वेगळं ठेवते. पाणी रोज काढणं हा त्याहून बरा उपाय.

टाकी गळते का हे पाहायला कॉम्प्रेसर लावायचा नाही. शेडमध्ये नळी हाताशी असते, मोह होतो. दर चौरस सेंटिमीटरला ७० ग्रॅम, म्हणजे एक पौंड प्रति चौरस इंच, हा दाब आपल्याला फुंकरीसारखा वाटतो. तीस बाय साठ सेंटिमीटरच्या टाकीच्या भिंतीवर तो सव्वाशे किलो होतो. दोन माणसं उभी राहिल्यासारखं. घरी बांधणारे हवेच्या नळीला फुगा लावतात. फुगा फुगलेला राहिला तर टाकी धरते, आणि दाब फार वाढला तर फुगा फुटतो, टाकी नाही. मी पाण्याची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून लावली, कारण आकडा दिसतो. त्यात फजिती झाली. सकाळी लावलेली पातळी दुपारपर्यंत चढली. बंद डब्यातली हवा एक अंश तापली की पाण्याचा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास दाब वाढतो. चंद्रपूरच्या उन्हात दहा अंश म्हणजे एक फुटाहून जास्त. सांधा गळत असतानाही दुपारी नळी चढती दिसेल आणि गळत नसताना रात्री उतरती. पहाटे बघायचं आणि दुसऱ्या पहाटे त्याच तापमानाला परत बघायचं, एवढाच मार्ग.

शेवटची खात्री पेट्रोलनेच. सांध्यावर खडूची पूड भुरभुरायची. आमच्या उन्हात थेंब पडायच्या आत पेट्रोल उडून जातं, पण पुडीवर ओला ठिपका उमटतो. हे उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून. तोटी नीट बसली की बॉस आणि तोटी दोन्हींवर जाईल अशी लाल रंगाची एक रेघ ओढायची. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर तोटी फिरली आहे, पाना लावायची गरज न पडता कळतं.

इथेनॉलचा प्रश्न मात्र तोटीने सुटत नाही, हे सांगायला हवं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी वेगळं राहतं आणि तोटी ते दाखवते. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत जिरवून टाकतं, बाटलीत काहीच दिसत नाही. मग थंडी पडली, विमान वर गार हवेत गेलं, की जिरलेलं पाणी इथेनॉलला सोबत घेऊन एकदम वेगळं होतं आणि तळाला थर बसतो. तेव्हा बघायला बाटली हातात नसते. शिवाय जुन्या ओ-रिंगा फुगतात, काही टाक्यांचा आतला लेप मऊ होतो. छोट्या विमानांत खूप चालणारं रोटॅक्स ९१२ इंजिन दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मान्य करतं, पंपावर आता मिळतं वीस टक्क्यांचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का, हे पाहायला मोजपात्रात थोडं पाणी घ्या, पातळीवर खूण करा, वरून पेट्रोल ओता, हलवा, थांबा. पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर ते वाढलेलं पाणी नाही, पाण्यात उतरलेलं इथेनॉल आहे.

भाच्याच्या टाकीचं उत्तर त्याने परत गेल्यावर शोधलं. तोटी काढली, टेपचे तुकडे चिमट्याने वेचले, बॉस भिंगाखाली धरला. आट्यांच्या तोंडापासून निघालेली केसासारखी एक भेग, चार मिलिमीटर. दोनच्या जागी साडेतीन फेऱ्या झाल्या होत्या, त्यालाच आठवत होतं. बॉस बदलायला टाकी उघडावी लागली, लेप खरवडावा लागला, सुट्टीचे तीन आठवडे गेले. तो वैतागला होता. मी म्हटलं, गळला म्हणून कळलं.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी त्याने बाटलीचा फोटो पाठवला. पांढऱ्या भिंतीसमोर धरलेली, आत निळं पेट्रोल, पूर्ण एकसारखं, मध्ये कुठे रेघ नाही. मी विचारलं, सगळंच पाणी असतं तरीही रेघ दिसली नसती, मग? त्याचं उत्तर लगेच आलं : ‘रंग निळा आहे ना मामा. आणि एक थेंब पाणी मी वरून टाकून पाहिलं. तळाला गेलं.’